चुना घालूनही फ्लोराईड उतरत का नाही?

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका स्टेनलेस स्टीलच्या कारखान्याचा प्रश्न थोडक्यात असा: वेल्डिंगनंतर टाक्यांना नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची पिकलिंग पेस्ट (वेल्डिंगचा काळपट थर काढणारी) लावतो. धुवण एका टाकीत साठते, त्यात फ्लोराईड लिटरला ८०० मिलीग्रॅमच्या आसपास. चुना घालून पीएच ९.५ वर नेतो, तासभर साका बसू देतो आणि निवळ सोडतो. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल २२ मिलीग्रॅम सांगतो, आमचा फ्लोराईड मोजायचा इलेक्ट्रोड ६ दाखवतो. चुना दुप्पट केला, त्याच टाकीत तुरटीही घातली, तरी २२ चे २१ झाले नाहीत. पावसाळ्यात आकडा आणखी चढतो. नेमके कुठे चुकते?

आधी आकड्यांचे बघू. २२ आणि ६ हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते एकाच गोष्टीचे मोजमाप नाही. इलेक्ट्रोडला पाण्यात मोकळा फिरणारा फ्लोराईड आयन तेवढा दिसतो. प्रयोगशाळा नमुन्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून ऊर्ध्वपातन करते आणि मग मोजते. त्या आम्लात निवळीत तरंगणारे कॅल्शियम फ्लोराईडचे बारीक कण विरघळतात, धातूंनी धरून ठेवलेला फ्लोराईडही सुटतो, आणि सगळा मिळून अहवालात येतो. दोन्हींतला फरक १६ मिलीग्रॅम. तो सगळा कणांचा धरला तर लिटरमागे साधारण ३३ मिलीग्रॅम कॅल्शियम फ्लोराईड तरंगते आहे. इतक्याने पाणी दुधाळ होत नाही. पारदर्शक बाटलीत भरून उजेडासमोर धरले तर जेमतेम धूसर दिसते, म्हणून टाकीवर उभ्या माणसाला ते निवळच वाटते.

म्हणजे तुमचा बराचसा फ्लोराईड अवक्षेपित होऊन घन कणांत आलेला आहे, पण तो खाली बसलेला नाही. चुना दुप्पट करून त्यावर काही होणार नव्हते. उलट न विरघळलेल्या चुन्याची आणखी धूळ पाण्यात गेली.

हे एका तपासणीत पक्के करता येते. निवळीचा नमुना घ्या, अर्धा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, अर्धा तसाच ठेवा, आणि दोन्ही प्रयोगशाळेच्या त्याच ऊर्ध्वपातनाच्या पद्धतीने मोजा. गाळलेल्यात ६-७ आणि न गाळलेल्यात २२ आले तर दुखणे साक्याचे आहे. गाळलेल्यातही १५-२० आले तर दुखणे रसायनाचे आहे: कॅल्शियम अपुरा आहे किंवा दुसऱ्या कुणीतरी फ्लोराईड धरला आहे. हे कळल्याशिवाय कुठलेही रसायन वाढवू नका.

आता कॅल्शियम फ्लोराईडचा स्वभाव. त्याचा विद्राव्यता गुणाकार २५ अंश सेल्सिअसला सुमारे ३.५ गुणिले दहाचा उणे अकरावा घात. शुद्ध पाण्यात ते लिटरला १६ मिलीग्रॅम विरघळते, त्यात फ्लोराईड जवळजवळ ८ मिलीग्रॅम. याचा अर्थ, कॅल्शियम अगदी हिशेबापुरता घातला तर कितीही थांबलात तरी ८ च्या खाली जाता येत नाही. २ मिलीग्रॅमच्या मर्यादेवर यायचे तर पाण्यात कॅल्शियम शिल्लक राहिला पाहिजे. शुद्ध पाण्याच्या हिशेबाने तो लिटरला १२५ मिलीग्रॅम निघतो, पण तुमच्या धुवणात नायट्रेटचे इतके क्षार असतात की आयनांची परिणामकारकता घटते आणि प्रत्यक्षात ४००-५०० लागतो. ईडीटीए या रसायनाने कॅल्शियमचे टायट्रेशन करून निवळीत ५०० ते ८०० मिलीग्रॅम शिल्लक आहे ना ते बघा. पीएच मीटरवर हे कळत नाही. बहुतेक कारखान्यांत चुन्याची मात्रा पीएचवर ठरते, कॅल्शियम कुणी मोजतच नाही.

हिशेब करून पाहा. १००० लिटर धुवण, ८०० ग्रॅम फ्लोराईड, आणि समजा ३ किलो नायट्रिक आम्ल. एक ग्रॅम फ्लोराईडला १.९५ ग्रॅम शुद्ध विरलेला चुना लागतो, म्हणजे १.५६ किलो. नायट्रिकला ग्रॅममागे ०.५९ ग्रॅम, म्हणजे १.७६ किलो. एकूण ३.३ किलो, आणि चुना ८० टक्के शुद्ध असेल तर ४.१५ किलो. विरघळलेल्या धातूंना लागेल तो वेगळा. गंमत अशी की नायट्रिकसाठी गेलेला चुना फुकट जात नाही. कॅल्शियम नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे त्यातला कॅल्शियम, लिटरला सुमारे ९५० मिलीग्रॅम, पाण्यातच राहतो आणि फ्लोराईडला खाली दाबतो. नायट्रिकच्या पेस्टचा हा मोठा फायदा आहे.

म्हणूनच कॉस्टिक सोड्याचा मोह टाळा. 'चुन्याने घाण होते, आधी कॉस्टिकने पीएच आणू, शेवटी थोडा चुना घालू' ही पद्धत अनेक ठिकाणी दिसते आणि तिथे फ्लोराईड शेकड्यांत अडकतो. सोडियम फ्लोराईड लिटरला ४० ग्रॅमपर्यंत विरघळते, त्यामुळे कॉस्टिकने पीएच जागेवर येतो पण फ्लोराईड जिथल्या तिथे राहतो. नंतर चुना घालायला गेलात की दोन चिमट्यांत पीएच ९.५ होतो, पीएचवर चालणारा चुन्याचा पंप बंद पडतो, आणि कॅल्शियम आतच गेलेला नसतो. तसे आधीच झाले असेल तर चुन्याऐवजी कॅल्शियम क्लोराईड घाला. त्याने पीएच चढत नाही. एक ग्रॅम फ्लोराईडला निर्जल क्लोराईड २.९ ग्रॅम, दोन पाण्याचे (डायहायड्रेट) क्लोराईड ३.९ ग्रॅम, आणि वर शिलकीपुरते. सोडा ॲश तर नकोच, कारण कार्बोनेट कॅल्शियमला फ्लोराईडच्या आधी पळवतो. सायट्रिक आम्लाने पॅसिव्हेशन (स्टीलवर गंजरोधक थर बसवणे) करत असाल तर ते धुवणही या टाकीत सोडू नका. सायट्रेट कॅल्शियम धरून बसतो. फॉस्फेटचा डिग्रीझर (तेलकटपणा काढणारा) स्फटिकांची वाढ रोखतो, त्याचे पाणीही वेगळे ठेवा.

साका का बसत नाही, ते आता सविस्तर सांगतो, कारण तुमचे खरे काम तिथे आहे. कॅल्शियम आणि फ्लोराईड एकत्र आले की स्फटिकांची असंख्य बीजे एकदम तयार होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच द्रव्य येते. स्फटिक मायक्रॉनच्या आत राहतात, त्यांच्यावर विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर ठेवतात आणि तासाभरात खाली येत नाहीत. त्यावर सर्वात स्वस्त उपाय तुमच्या टाकीच्या तळाशीच आहे. मागच्या बॅचचा दाट गाळ, नव्या बॅचच्या आकारमानाच्या ५ ते १० टक्के, चुन्याच्या आधी धुवणात घाला आणि ढवळा. नवे कॅल्शियम फ्लोराईड नवी बीजे करण्याऐवजी जुन्या स्फटिकांवर चढते. कण मोठे होतात, भराभर बसतात, गाळही कमी पाणी धरतो. चुना कोरडा टाकू नका. कोरड्या दाण्याभोवती कॅल्शियम फ्लोराईडची कवची बसते आणि आतला चुना तसाच अडकतो. गाळ बोटांत चोळून पाहा. पांढरे कठीण खडे लागले तर तो तुमचा वाया गेलेला चुना आहे. ५ ते १० टक्क्यांची चुन्याची पातळ लापशी करून, अर्ध्या तासात थोडी थोडी सोडा. पीएच स्थिर झाल्यावर आणखी ४५ मिनिटे हळू ढवळत ठेवा आणि मग कणांचे पुंजके बांधणारे ॲनायनिक (ऋणभाराचे) पॉलिमर लिटरला १ ते २ मिलीग्रॅम घाला. पॉलिमर पडल्यावर ढवळणी अगदी मंद हवी, नाहीतर जमलेले पुंजके फुटतात आणि परत जोडले जात नाहीत. साक्याला तासाऐवजी तीन-चार तास द्या, आणि निवळ सोडण्याआधी वाळूच्या फिल्टरमधून न्या.

एवढ्याने २२ चे ७-८ व्हायला हवे. तिथून २ पर्यंतचा टप्पा वेगळ्या रसायनाचा आहे.

फ्लोराईड हा लहानखुरा आयन आहे, त्रिज्या जेमतेम १.३ अँगस्ट्रॉम. त्याचा भार छोट्या जागेत कोंडलेला असल्याने तो लहान, जास्त भाराच्या धातूंना घट्ट धरतो: ॲल्युमिनियम, त्रिसंयुजी लोह, क्रोमियम, झिर्कोनियम. चांदीचे उलट आहे. सिल्व्हर क्लोराईड पाण्यात विरघळत नाही हे शाळेत शिकवतात, पण सिल्व्हर फ्लोराईड साखरेसारखे विरघळते, कारण मोठ्या मऊ चांदीला फ्लोराईडची ओढ कमी आणि पाण्याला फ्लोराईडची ओढ जास्त. कॅल्शियम मध्ये बसतो. त्याच्या स्फटिकात प्रत्येक कॅल्शियमभोवती ८ फ्लोराईड आणि प्रत्येक फ्लोराईडभोवती ४ कॅल्शियम अशी रचना इतकी चपखल जमते की पाण्याला ती सहज मोडता येत नाही. मॅग्नेशियम फ्लोराईडही जवळपास तितकेच कमी विरघळते, पण मॅग्नेशियम पाण्यात असताना फ्लोराईडशी विद्राव्य जोडी करतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला ४०० मिलीग्रॅम कॅल्शियम असूनही १.३ मिलीग्रॅम फ्लोराईड सुखाने राहतो, त्यात या जोडीचा मोठा हात आहे. डोलोमाइटी चुना स्वस्त मिळाला तरी या कामाला घेऊ नका.

पिकलिंगच्या धुवणात लोह, क्रोमियम आणि निकेल हे तीनही असतात. लोहाची काळजी नाही. पीएच ७ च्या वर तो हायड्रॉक्साईड होऊन खाली जातो आणि धरलेला फ्लोराईड सोडतो. क्रोमियम मात्र चिवट. त्रिसंयुजी क्रोमियमभोवतीचे आयन बदलायला तासच्या तास लागतात, त्यामुळे पीएच बरोबर असूनही क्रोमियमला चिकटलेला फ्लोराईड लगेच सुटत नाही. पेस्टऐवजी बुडवणीची टाकी असेल तर हा भाग वाढतो, आणि तिच्या तळाला लोह फ्लोराईडचे स्फटिकही साचतात. ते खरवडून धुवणाच्या टाकीत टाकले तर आठवडाभर सावकाश विरघळत राहतात आणि रोज नवा फ्लोराईड देतात. तळ साफ कराल तेव्हा तो गाळ वेगळ्या पिंपात घ्या.

तुरटीचे म्हणाल तर ती योग्य वस्तू आहे, तुम्ही ती चुकीच्या जागी घातली. पीएच ९.५-१० वर तुरटीतला ॲल्युमिनियम ॲल्युमिनेट होऊन विरघळून जातो, पुंजके धरतच नाही. ५ च्या खाली उलटे: ॲल्युमिनियम फ्लोराईडला धरतो, पण विद्राव्य संमिश्र आयनाच्या रूपात, तेही पाण्यातच राहते. ६ ते ६.८ या अरुंद पट्ट्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईडचे कापसासारखे पुंजके होतात आणि फ्लोराईड त्यांना चिकटून खाली येतो. पिण्याच्या पाण्यासाठी नागपूरच्या निरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवलेली नलगोंडा पद्धत याच तत्त्वावर चालते.

क्रम मात्र चुकवू नका. पहिला गाळ पूर्ण वेगळा केल्यावरच निवळीला दुसऱ्या टाकीत तुरटी द्या. पहिल्याच टाकीत पीएच ६.५ वर आणलात तर ९.५ ला बसलेले निकेल हायड्रॉक्साईड पुन्हा विरघळेल. फ्लोराईड मर्यादेत येईल आणि निकेल ३ मिलीग्रॅमच्या मर्यादेबाहेर जाईल. मात्रा बरणीच्या चाचणीत ठरवा: एक-एक लिटरच्या पाच प्लास्टिक बीकरमध्ये २००, ४००, ६००, ८०० आणि १००० मिलीग्रॅम तुरटी. प्रत्येकात पीएच ६.५ ला धरा, एक मिनिट जोरात, १५ मिनिटे हळू ढवळा, तासभर ठेवा, गाळा, मोजा. तुरटी आम्लधर्मी आहे. ग्रॅमला सुमारे ०.३३ ग्रॅम चुना तिच्याच नावाने जातो, पण तुमची निवळ आधीच अल्कधर्मी असल्याने कदाचित आम्लही थोडे लागेल. ते हायड्रोक्लोरिक घ्या. जिथे आकडा २ च्या खाली जाऊन पुढे फारसा हलत नाही, ती तुमची मात्रा. त्याहून जास्त घातलीत तर फक्त गाळ वाढतो.

पावसाळ्याचे गणित वेगळे आहे. मृगापासून चवथीपर्यंत आपल्याकडच्या हवेत चुन्याची उघडी गोणी हळूहळू चुनखडी होत असते. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड मिळून चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. पीएच ९.५ वर ते जवळपास विरघळत नाही, म्हणजे कॅल्शियमही देत नाही, नुसती धूळ वाढवते. चिमूटभर चुना पाण्यात कालवून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. चांगला चुना जवळजवळ शांत विरघळतो, मेलेला फसफसतो. पावसाआधी महिनाभराचाच साठा घ्या, गोण्या लाकडी फळ्यांवर ठेवा आणि उघडलेली गोणी झाकणाच्या पिंपात ओता. शिंपल्यांचा पारंपरिक चुना भिंतीला उत्तम, पण त्यात न भाजलेले तुकडे आणि वाळू असते, शुद्धता दर खेपेला बदलते. इथे नको. दुसरे, टाकीवर छप्पर घाला. पावसाचे पाणी मिसळून ८०० चा फ्लोराईड २०० झाला की काम सोपे होत नाही, अवघड होते: विरळ द्रावणात बीजे उशिरा धरतात, स्फटिक वाढत नाहीत, आणि शिल्लक कॅल्शियमही विरळ होतो. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी साधारणपणे मऊ असते, त्यामुळे धुण्याच्या पाण्यातून कॅल्शियम मिळेल अशीही आशा नाही.

मोजण्याबद्दल. तुमचा ६ हा आकडाही तंतोतंत धरू नका. फ्लोराईडच्या इलेक्ट्रोडचा डोळा म्हणजे युरोपियम मिसळलेला लँथनम फ्लोराईडचा स्फटिक, तोही एक धातू-फ्लोराईडच. पीएच फार चढला तर त्याला हायड्रॉक्साईड फ्लोराईडसारखाच भासतो. पीएच ५ च्या खाली फ्लोराईडचा काही भाग हायड्रोफ्लोरिक आम्ल होऊन लपतो. म्हणून नमुन्यात तितकाच टायसॅब, म्हणजे पीएच आणि क्षारांचे प्रमाण सारखे ठेवणारे द्रावण, मिसळायचा: ५०० मिलिलिटर पाण्यात ५७ मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, ५८ ग्रॅम मीठ आणि ४ ग्रॅम सीडीटीए, कॉस्टिकने पीएच ५.३ ते ५.५, मग एक लिटर. सीडीटीए लोह आणि ॲल्युमिनियमकडून फ्लोराईड सोडवतो. त्यात बारीक कणही अंशतः विरघळतात, म्हणून नमुना आधी गाळा, मग टायसॅब. प्रमाण द्रावणांनाही तोच टायसॅब द्या. १ आणि १० मिलीग्रॅमच्या द्रावणांत ५७ ते ५९ मिलिव्होल्टचा फरक आला नाही तर त्या दिवशीचे आकडे लिहू नका. सगळे प्लास्टिकच्या भांड्यात करा. आम्लधर्मी नमुना काचेच्या बाटलीत ठेवला तर फ्लोराईड काच खातो, फ्लोरोसिलिकेट तयार होते आणि मोकळा फ्लोराईड कमी दिसतो.

गाळाचे एक. त्यात क्रोमियम आणि निकेल आहे, म्हणून तो घातक कचऱ्यातच मोजायचा आणि परवानाधारकालाच द्यायचा. तोवर तो उघड्यावर नको. आपल्याकडे मोसमात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे चौरस मीटरवर ३००० लिटर पाणी. ते गाळातून झिरपून पूर्ण संपृक्त झाले तर प्रत्येक चौरस मीटरमागे २४ ग्रॅम फ्लोराईड वाहून जाईल. १२,००० लिटर पाणी २ मिलीग्रॅमच्या मर्यादेपर्यंत न्यायला तेवढा पुरे, आणि ते पाणी नाल्यातून खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेतजमिनीकडे, जाते.

पेस्ट लावणाऱ्या माणसांसाठी २.५ टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कामाच्या जागी, हाताला लागेल असे ठेवा, कार्यालयाच्या कपाटात नको. टाकीत जी प्रक्रिया करता तीच शरीरात होते: फ्लोराईड कातडीतून आत जातो आणि रक्तातला कॅल्शियम धरतो. पातळ आम्लाच्या भाजण्यात कित्येकदा काही तास दुखतच नाही, म्हणून 'जरासे लागले' म्हणून कुणी घरी जाता कामा नये. हातमोजा आणि कपडे काढून पाच मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा, जेल चोळत राहा आणि तसेच इस्पितळात न्या. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेताना जेलची नळी आणि पेस्टच्या डब्यावरचे लेबल सोबत द्या, म्हणजे डॉक्टरांना नायट्रिकसोबत हायड्रोफ्लोरिकही आहे हे पहिल्याच मिनिटाला कळेल.

आता गाळलेला आणि न गाळलेला असे दोन आकडे, शिल्लक कॅल्शियम, आणि तीन बॅचेस जुना गाळ फिरवल्यानंतरची निवळ, एवढे कळवा. तुरटीनंतरही गाळलेला आकडा ४-५ वरच अडला तर पेस्टच्या किंवा क्लीनरच्या माहितीपत्रकात फ्लोरोबोरिक आम्ल लिहिले आहे का ते बघा. बोरॉनने धरलेला फ्लोराईड चुन्याला आणि तुरटीला दोघांनाही दाद देत नाही, तो प्रवाह मुळातच वेगळा करावा लागतो.